एका माळकऱ्याचं देणं

मी ओरेगनमध्ये घरी बिअर करतो आणि ती बरी होते. याचं निम्मं श्रेय चौलच्या एका आचाऱ्याला आहे. आप्पा पक्के माळकरी. एकादशीला वरीचे तांदूळ, कार्तिकीला पंढरपूर, आणि मांडवात कुणी पिऊन आला तर त्याला हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवण्याचं काम ते स्वतः करायचे. अशा माणसाचं मी बिअरच्या बाबतीत देणं लागतो. प्रकार विचित्र आहे, पण आहे तो आहे.

पुस्तकं मीही वाचली. चार्ली पपाझियनचं १९८४ सालचं पुस्तक तिकडे घरी बिअर करणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात असतं, जॉन पामरचं त्याहून बारकाव्याचं. रसायन मला त्यांनी शिकवलं. पण पंचवीस लिटर पातळ पदार्थ एकाच भांड्यात, उघड्यावर, न सांडता, न करपवता आणि कुणाला न भाजवता तासभर उकळत कसा ठेवायचा, हे मला पुस्तक हातात येण्याआधीच ठाऊक होतं.

नवशिक्याला जो सोपा मार्ग दाखवतात तो असा. १९ लिटर बिअर करायची, पण घरात एवढं मोठं भांडं नाही आणि शेगडीत एवढा जोर नाही. मग आठ-दहा लिटर पाण्यात मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, सगळा अर्क घालायचा, त्यात हॉप नावाच्या वेलीची फुलं टाकून उकळायचं आणि शेवटी वरून गार पाणी ओतून माप पुरं करायचं. बिअर होते. पण दाट पाकासारखं ते मिश्रण उकळताना जास्त काळवंडतं. हॉप्समधला कडूपणा उकळल्यावरच उतरतो आणि दाट मिश्रणात तो कमी उतरतो. वरून ओतलेलं पाणी तर उकळलेलंच नसतं. थोडक्यात, अर्धी आमटी शिजवून पंक्तीला पुरत नाही म्हणून तांब्याभर पाणी ओतण्यातला प्रकार. आप्पांनी तसं करणाऱ्या मदतनिसाला मांडवाबाहेर काढला असता.

दुसरा मार्ग म्हणजे सगळंच्या सगळं एकदम उकळणं. १९ लिटर हाती यायला सुरुवातीला चोवीस-पंचवीस लिटर घ्यावं लागतं, कारण तासाभरात चार-पाच लिटर वाफ होऊन जाते. हिशेब मांडला की घरची शेगडी का हरते ते कळतं. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. स्वयंपाकघरातला मोठा बर्नर तीन किलोवॉटच्या आसपासचा, आणि त्यातली निम्मी उष्णता भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. उकळी फुटायलाच दीड तास. पुढे तासाला चार लिटर वाफ उडवायची तर नुसत्या वाफेलाच अडीच किलोवॉट हवेत, आणि भांड्यात तर दीडच पोचतात. म्हणजे पाणी सळसळत राहतं, खळखळत नाही. आणि इथे खळखळून उकळणं लागतंच. मॉल्टमधला एक गंधकयुक्त वास, शिजलेल्या मक्यासारखा, जोरदार उकळीबरोबर वाफेतून जावा लागतो. म्हणून झाकणही ठेवायचं नाही. म्हणजे भट्टी हवी, ती घराबाहेर हवी, भांडं मोठं हवं आणि उकळून झाल्यावर ते सगळं लवकर गार करायची सोय हवी.

एवढी यादी डोळ्यांसमोर आली तेव्हा मला हिल्सबरोतलं माझं घर दिसलं नाही, अलिबाग-रेवदंडा रस्त्याला लागून असलेली आमची नारळ-सुपारीची वाडी दिसली.

लग्नाच्या आदल्या दुपारी आप्पा येत. भांडी देवळाची, प्रत्येकावर देणगीदाराचं नाव टोचून कोरलेलं. कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ टोप, कुणी नवस फेडल्याची परात. आप्पा आधी भांडी उलटी करून ठोकायचे, कल्हई गेली असेल तर बाजूला ठेवायचे, आणि मग वाडीत फिरून वारा बघायचे. आमच्याकडे दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारे सुटतात, हे शाळेत भूगोलाच्या तासाला शिकवायच्या आधी मी आप्पांच्या चुलाणावरून शिकलो. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या चुलाणाचं तोंड एकीकडे आणि पहाटे चहाचं पाणी ठेवायच्या चुलीचं दुसरीकडे. वारा तोंडातून सरळ आत शिरला तर जाळ टोपाच्या बुडाखाली न राहता मागच्या अंगानं बाहेर पडतो. पेटवायला नारळाची सोडणं, वर आंब्याची किंवा सुरूची लाकडं, आणि उघड्या बाजूला पत्र्याचा आडोसा.

आज माझ्या घराच्या मागच्या काँक्रीटवर प्रोपेनची भट्टी आहे, साधारण सोळा किलोवॉटची. तिला मी पत्र्याचा तीन बाजूंचा आडोसा केला आहे. शेजारच्या अमेरिकन गृहस्थांना वाटलं, हा काही इंजिनिअरिंगचा शोध आहे. मी चिपच्या कारखान्यात काम करतो, त्यामुळे त्यांचा गैरसमज टिकला.

आप्पांकडून सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर ते कोजागिरीला. आमच्या आळीचं मसाला दूध एकाच टोपात व्हायचं. आळीतल्या प्रत्येक घरातून दूध यायचं, ते गाळून टोपात, आणि टोपाचा वरचा वीतभर भाग रिकामा. कुणीतरी म्हणायचंच, "आप्पा, अजून चार लिटर बसेल की." आप्पा म्हणायचे, "बसेल. उकळल्यावर उभं राहील ते कुठं बसवू?" त्यांच्या उजव्या हाताला कलथा आणि डाव्या हाताशी पाण्याचा तांब्या. दूध फुगून वर आलं की जाळ ओढायला वेळ नसतो. लाकूड मागे घेतलं तरी निखारा तापतच असतो. म्हणून आधी पाण्याचा शिपका, मग जाळ मागे. फेस बसतो, दूध खाली जातं. साखर घालताना ते टोप जाळावरून उतरवत नसत, जाळच टोपाखालून काढून घेत, आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत तळापासून ढवळत. नाहीतर ती बुडाला बसते, करपते आणि सगळ्या टोपाला वास लागतो.

बिअरमध्ये यातली एकही गोष्ट बदलत नाही. मॉल्टमधली प्रथिनं पहिल्या उकळीला फेस धरून भसाभस वर येतात. माझ्या हाताशी पाण्याचा फवारा असतो. अर्क घालताना गॅस बंद, विरघळेपर्यंत ढवळणं, मग पुन्हा पेटवणं. पंचवीस लिटरसाठी मी ३८ लिटरचं स्टीलचं भांडं घेतलं तेव्हा पोर्टलंडच्या दुकानातल्या माणसानं विचारलं, तीसचं का नको? तिथलं ते एफ. एच. स्टाइनबार्टचं दुकान १९१८ पासूनचं आहे, माणसं जाणती. त्याला म्हटलं, उभं राहील ते कुठं बसवू? इंग्रजीत ते तितकं जमलं नाही.

काठीचं सांगायला हवं. आप्पांकडे माप नावाची वस्तू नव्हती. बांबूच्या काठ्या होत्या, आणि त्यांवर विळ्यानं खाचा. प्रत्येक टोपाची काठी वेगळी, कारण बुडाचा घेर वेगळा. नवा टोप आला की ते कळशीनं मोजून पाणी ओतायचे आणि दर कळशीला एक खाच. पुढे आमटी किती आटली, भाताला पाणी किती झालं, दूध उतरवायचं की नाही, सगळं काठी बुडवून. माझ्या भांड्याला अशीच लाकडी पट्टी आहे, दर दोन लिटरला खाच असलेली. आटण्यावर नजर ठेवायला हीच लागते; आतून मापाच्या खुणा असलेलं भांडं बाजारात मिळतं, पण फेसाखाली खुणा दिसत नाहीत. काठी फेसातूनही सांगते.

आप्पांचा एक नियम मात्र मला लहानपणी जाचक वाटायचा. उकळतं भांडं हलवायचं नाही. दोघांनी कड्यांतून बांबू घालून टोप उचलणं इतर आचाऱ्यांच्या मांडवात सर्रास चाले. आप्पांकडे टोप जागेवर राही आणि आतला पदार्थ ओगराळ्यानं काढला जाई, कितीही वेळ लागो. त्यांच्या तरुणपणी कुठल्याशा लग्नात पाय घसरून काय झालं होतं ते त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. पाय दाखवला. पंचवीस लिटर उकळतं गोड मिश्रण कातडीला चिकटतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही. माझ्या भांड्याला म्हणूनच खाली तोटी आहे. तोटी असलेलं तापतं भांडं आम्हा लोकांना परकं नाहीच. आजीचा तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटातून नळी गेलेली, जाळ पाण्याच्या मधोमध, आणि आंघोळीचं पाणी खालच्या तोटीनं. बुडाखाली जाळ लावण्यापेक्षा पोटात जाळ ठेवला की उष्णता वाया कमी जाते. आता तिकडे विजेवर बिअर करणारे साडेपाच किलोवॉटची कांडी भांड्याच्या आतच बसवतात. विजेची कांडी भांड्यात बुडवून पंचवीस लिटर उकळायचं मला अजून धैर्य होत नाही, पण तत्त्व आजीच्या न्हाणीघरातलं आहे.

गार करण्याची गोष्ट वेगळी. उकळताना मिश्रण निर्जंतुक असतं. त्यानंतर ते कोमट अवस्थेत जितका वेळ राहील तितका नको ते जंतू वाढायचा धोका. यीस्ट घालायला साधारण २० अंश हवेत. शंभरावरून विसावर, तेही अर्ध्या तासात. तिकडे तांब्याच्या नळीचं वेटोळं वापरतात. नळी उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आत सोडायची, म्हणजे तीही निर्जंतुक होते, आणि मग तिच्यातून नळाचं गार पाणी खेळवायचं. तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या पंचवीसेक पट सरस आहे. पाणी नळीच्या आत, बिअर बाहेर. दोघांची गाठ नाही.

आप्पांनी वेटोळं कधी पाहिलं नव्हतं. पण एका वर्षी आळीतल्या मुलांनी थंड मसाला दूध हवं म्हणून हट्ट धरला तेव्हा रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून बर्फाची लादी आणली गेली. मुलं ती फोडून दुधात टाकायला निघाली. आप्पांनी हात धरला. हा मासळीचा बर्फ, कुठल्या पाण्याचा कोण जाणे. तो दुधात नाही, दुधाबाहेर. मोठ्या घंगाळात बर्फ आणि विहिरीचं पाणी, त्यात दुधाची छोटी पातेली, आणि आत सतत ढवळणं. ढवळायचं उलथणंही आधी उकळत्या पाण्यात बुडवून घेतलेलं. "जाळ बंद झाला की न उकळलेलं काहीही आत जायचं नाही," हे त्यांचं वाक्य मी माझ्या भट्टीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं तरी चालेल. पामरनं यासाठी अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. आणि चौलला विहिरीचं पाणीच सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. तिथं नुसतं वेटोळं विसापर्यंत पोचवणार नाही, बर्फ लागणारच. आप्पांची रीत त्या हवेसाठी बरोबर होती.

हे मी त्यांना सांगितलं की नाही? सांगितलं. गावी गेलो असताना त्यांनीच विचारलं, सुट्टीच्या दिवशी तिकडे काय करतोस. मी लपवलं नाही. ते काही वेळ गप्प बसले. मग विचारलं, "सरकार धरत नाही?" मी सांगितलं की तिथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००, विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ सालापर्यंत अडवून धरलं होतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, हेही सांगितलं. त्यावर आप्पांनी उरणचा विषय काढला. एकोणिसाव्या शतकात उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, बहुतेक पारशांच्या, आणि माल मुंबईला जायचा. १८९२ साली सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा केला. आपला रायगड तेव्हा कुलाबा. आप्पांच्या आजोबांच्या पिढीनं त्या गोष्टी ऐकलेल्या. "म्हणजे उकळणं आपल्याकडे जुनं आहे," एवढंच ते म्हणाले. दारूबद्दल एक शब्द नाही.

आणि मग धंद्याचे प्रश्न सुरू झाले. किती लिटर? जमीन उतरती का सपाट? तीन पायांची भट्टी का चार? झाकण ठेवतोस? नाही म्हटल्यावर मान हलली. घरात पेटवत नाहीस ना? प्रोपेनच्या एवढ्या मोठ्या जाळाचा धूर बंद जागेत माणूस मारतो, दिसत नाही, वासही येत नाही; त्यांना कार्बन मोनॉक्साइड हे नाव माहीत नव्हतं, बंद पडवीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांचं काय होतं ते माहीत होतं. मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी तोटीवर बोट ठेवलं. "ही निघते का?"

तोटी सुटी होते का, हा खरा प्रश्न आहे. साध्या तोटीच्या पोटात गोळ्यामागे पदार्थ साचून राहतो, बाहेरून कितीही घासा. बिअरवाले म्हणून तीन तुकड्यांची तोटी घेतात, जी पान्यानं उघडून धुता येते. दुधाच्या भांड्याला कधी तोटी न लावलेल्या माणसानं फोटो बघून पहिलं तेच विचारलं.

मी त्यांना पैसे देऊ पाहिले, ते त्यांनी घेतले नाहीत. वाटलंच होतं. शिकवणी कधी झालीच नव्हती तर फी कसली, असं त्यांचं म्हणणं. मग ठरलं की देवळाला एक टोप द्यायचा, स्टीलचा, शंभर लिटरचा, खाली तोटी असलेला, म्हणजे कोजागिरीला दूध वाढायला ओगराळं नको आणि पोरांना भाजायला नको. टोप अलिबागला करून घेतला, तोटी मी पोर्टलंडहून आणली. अर्ध्या इंचाच्या अमेरिकन आट्यांचा आणि आपल्याकडच्या आट्यांचा कोन थोडा वेगळा, पण इंचाला १४ आटे दोन्हीकडे. नळकाम करणाऱ्यानं टेफ्लॉनची पट्टी चार वेढे जास्त गुंडाळून ती बसवली. आजतागायत गळलेली नाही. टोपावर नाव कुणाचं, यावर मात्र आमचं जमलं नाही. मला आप्पांचं हवं होतं. त्यांनी माझ्या वडिलांचं टोचून घेतलं आणि मला टोप आल्यावरच कळवलं.

आप्पा आता नाहीत. त्यांच्या सूनबाई, आमच्या वहिनी, पंगतींचं काम घेतात. लाकडाचं चुलाण जाऊन १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवरच्या भट्ट्या आल्या, कल्हईची भांडी जवळजवळ गेली. काठ्या आहेत. नव्या टोपाची काठी वहिनींनी स्वतः कळशीनं मोजून केली. मागच्या खेपेला मी त्यांना बिअरच्या भांड्यात वापरायचा लांब दांड्याचा उष्णतामापक दिला. त्यांनी तो एकदा दुधात बुडवला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, "दादा, हे आकडा सांगतंय ते बुडबुडा बघून कळतंच की." मग तो स्वच्छ धुऊन पुसून कपाटात ठेवला. बरोबरच आहे त्यांचं. उकळत्या दुधासाठी तो नाहीच, गार होतानाचा विसावा अंश ओळखण्यासाठी आहे, आणि ती गरज त्यांना नाही.

कुणी परदेशात घरी बिअर करायचा विचार करत असेल तर १९ लिटरसाठी निदान ३८ लिटरचं भांडं घ्या, उघडून धुता येईल अशी तोटी लावा, भट्टी घराबाहेर सपाट जागी ठेवा आणि पाण्याचा तांब्या डाव्या हाताशी. महाराष्ट्रात असाल तर तेच भांडं घ्या आणि कोजागिरीला दूध आटवा. त्याला परवाना लागत नाही.